पासची रेघ कुठे ओढायची? डॉक्टरांच्या परीक्षेमागचं गणित

वैद्यकीय परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा ४९ मार्कांचा विद्यार्थी नापास होतो आणि ५० मार्कांचा पास. पहिला अडकून पडतो, दुसरा पुढे जाऊन रुग्ण तपासू लागतो. या दोघांच्या तयारीत खरंच एवढा फरक आहे का, असं विचारलं तर बहुतेक प्राध्यापक प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतील. मग ही रेघ आपण कशाच्या जोरावर ओढतो? ती ५० वरच का, ५३ वर का नाही? आणि ती ओढल्यामुळे किती जणांवर अन्याय होतो, तयारी नसलेले किती जण सुटून जातात, हे कुणी मोजतं का?

मोजता येतं. त्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी शिकवल्या जाणाऱ्या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: पदव्युत्तर पातळीवरचं संभाव्यताशास्त्र आणि संख्याशास्त्र, कामापुरतं प्रोग्रामिंग, आणि वैद्यकीय शिक्षणाचा कारभार चालवण्याची समज. पण गणित शिकलेला माणूस सहसा वॉर्डात फिरकत नाही. डॉक्टर होणाऱ्याचं गणित कॉलेजात शिरतानाच मागे पडलेलं असतं. कारभार पाहणाऱ्यांना निकाल वेळेत लावायची घाई असते. ही तिन्ही अंगं ज्यांच्यात आहेत अशी माणसं थोडी आहेत, आणि ती फार हवी आहेत असं मला मनापासून वाटतं. का, ते या एका रेघेच्या आधारानेच सांगतो.

रेघ कुठे असावी हे माणसांनीच ठरवायचं असतं. गणिताचं काम त्यानंतरचं: ती रेघ किती जाड आहे हे सांगण्याचं. या जाडीत सापडलेल्या विद्यार्थ्यांचं काय करायचं, याची जबाबदारी मात्र संस्था चालवणाऱ्यांची. ती ना गणितावर ढकलता येते, ना सॉफ्टवेअरवर.

शंभर प्रश्नांत नशिबाचा वाटा किती?

एखाद्या विषयात विचारता येतील असे हजारो प्रश्न असतात. समजा एका विद्यार्थिनीला त्यांतल्या ५२ टक्के प्रश्नांची उत्तरं येतात. पास व्हायला ५० टक्के लागतात. म्हणजे ती पास व्हायलाच हवी. आता त्या हजारोंमधले कुठलेही १०० प्रश्न उचलून आपण तिच्यापुढे ठेवले. ती नापास होण्याची शक्यता किती?

३१ टक्के. साधारण तीन वेळांपैकी एकदा ती नापास होईल. तपासणाऱ्याची चूक नाही, तिला त्या दिवशी बरं नव्हतं असंही नाही. कुठले शंभर प्रश्न वाट्याला आले, एवढ्यावरच हे घडतं.

हिशोब अवघड नाही. प्रत्येक उत्तर बरोबर येण्याची शक्यता ०.५२ धरली, तर शंभर प्रश्नांत सरासरी ५२ उत्तरं बरोबर येतात. हा आकडा सरासरीच्या आसपास साधारण किती हलतो, त्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. ते काढायचं तर १०० × ०.५२ × ०.४८ या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं जवळपास ५. म्हणजे विद्यार्थिनी उभी आहे ५२ वर, प्रत्येक पेपरात ती पाचेक मार्कांनी मागेपुढे होणार, आणि खड्डा आहे अवघ्या अडीच-तीन मार्कांवर. साधारण तीनांतून एकदा पाय घसरणारच.

उलट बाजूही पाहू. ज्याला फक्त ४६ टक्के येतं, तो याच पेपरात पास होण्याची शक्यता २४ टक्के. साधारण चारांतला एक.

यावर पहिला उपाय सुचतो तो प्रश्न वाढवण्याचा. त्याने फरक पडतो, पण अपेक्षेपेक्षा फार हळू. २०० प्रश्न केले तर त्या ५२ टक्केवाल्या विद्यार्थिनीची नापास होण्याची शक्यता ३१ वरून २६ वर येते. ४०० केले तर २० वर. टक्केवारीतली चूक निम्मी करायची तर प्रश्न चौपट लागतात, कारण सगळा कारभार वर्गमुळाच्या हिशोबाने चालतो. चारशे प्रश्नांचा पेपर सोडवून थकलेल्या मुलांचं पुढे काय होतं, तो प्रश्न आणखी वेगळा.

यात अजून अंदाजपंचे उत्तरं आलेलीच नाहीत. चार पर्यायांचा प्रश्न असेल आणि चुकीला मार्क कापत नसतील, तर काहीच न येणाऱ्यालाही सरासरी २५ मार्क मिळतात. ज्याला शंभरातले ३३ प्रश्न खरोखर येतात आणि उरलेले जो डोळे मिटून ठोकतो, त्याचे मार्क सरासरीने ५० च्या घरात जातात. ‘५० टक्के म्हणजे निम्मा विषय येतो’ हा समज इथेच गळून पडतो. प्रत्यक्षात विद्यार्थी अगदी डोळे मिटून ठोकत नाहीत, एखाददुसरा पर्याय बाद करून मगच ठोकतात. त्यामुळे खरं चित्र आणखी गुंतागुंतीचं असतं.

काठावरचा विद्यार्थी डोळ्यासमोर आणा

मग रेघ ५० वर कशी आली? बहुतेक ठिकाणी रूढीने. पेपर सोपा असो की अवघड, रेघ तिथेच. एका वर्षी पेपर काढणारा कडक निघाला की निकाल घसरतो आणि ‘यंदाची बॅच कच्ची’ असा शिक्का बसतो. दुसरा मार्ग म्हणजे बॅचमधले वरचे अमुक टक्के पास करायचे. प्रवेश परीक्षेत जागाच मोजक्या असतात, तिथे हे शोभतं. डॉक्टर घडवताना शोभत नाही. सगळी बॅच उत्तम तयार असेल तरी काहींना नापास करावं लागेल, आणि सगळीच कच्ची असेल तरी त्यांतले बरेच पास होतील. रुग्णाला आपला डॉक्टर वर्गात कितवा आला याच्याशी देणंघेणं नसतं.

तिसरा मार्ग विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखला जातो. १९७१ मध्ये शैक्षणिक मापनावरच्या एका ग्रंथात त्यांनी लिहिलेल्या प्रकरणात तो आहे. आज त्याचं जे रूप वापरात आहे ते तर चक्क तळटीपेत आहे, आणि कल्पनेचं श्रेय अँगॉफ यांनी आपले सहकारी लेडयार्ड टकर यांना दिलं होतं. परीक्षकांची एक समिती बसते. प्रत्येकाने डोळ्यासमोर आणायचा असतो जेमतेम पास व्हावा असा विद्यार्थी. हुशार नाही, सरासरीही नाही, अगदी काठावरचा. मग एकेक प्रश्न घेऊन विचारायचं: अशा शंभर विद्यार्थ्यांपैकी किती जण याचं बरोबर उत्तर देतील?

समजा प्रश्न असा आहे: ५८ वर्षांचा माणूस, छातीत दुखतंय, दरदरून घाम सुटलाय, ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी भाग वर उचललेला. कुठली धमनी बंद पडली असण्याची शक्यता सर्वांत जास्त? उत्तर आहे उजवी कोरोनरी. हृदयरोगतज्ज्ञ पटकन म्हणतात, ‘नव्वद. हे कुणाला येणार नाही?’ समोरच्या जनआरोग्याच्या मॅडम म्हणतात, ‘मी तर पंचेचाळीस लिहिलंय.’ बाकीचे साठ-सत्तरच्या मध्ये. मग चर्चा होते. तज्ज्ञांच्या डोळ्यासमोर त्यांच्या हाताखालचे निवासी डॉक्टर होते, जे रोज असे ईसीजी पाहतात. मॅडम वेगळाच मुद्दा काढतात: काठावरच्या मुलाला हा हार्ट अटॅक आहे हे ओळखता आलं पाहिजे, धमनीचं नाव नाही आलं तरी तो रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवेल. खोलीत क्षणभर सगळे विचारात पडतात, कारण आता चर्चा मार्कांची उरलेली नसते. नवा डॉक्टर किमान काय करू शकला पाहिजे, यावर ती आलेली असते. दुसऱ्या फेरीत तज्ज्ञ ७५ वर येतात, मॅडम ६० वर. सगळ्यांची सरासरी समजा ६६, म्हणजे शक्यता ०.६६. अशा शंभर प्रश्नांच्या शक्यतांची बेरीज केली की पासची रेघ मिळते, उदाहरणार्थ ५७.४.

ही चर्चा ऐकण्यासारखी असते. अँगॉफ पद्धतीतून निघणाऱ्या आकड्याइतकंच मोल मी त्या चर्चेला देतो.

गणित शिकलेल्याचे कान इथे वेगळ्याच गोष्टीने टवकारतात. शंभर वेगवेगळ्या शक्यता नुसत्या बेरजेने एकत्र करणं बरोबर आहे का? प्रश्न एकमेकांशी जोडलेले असतात. ज्याला हृदयरोग हा विषय येतो त्याला त्यातले चारही प्रश्न येतात. उत्तर असं की सरासरीसाठी बेरीज चालते. अपेक्षित मूल्यांची बेरीज करताना घटना एकमेकांपासून स्वतंत्र असण्याची गरज नसते. पण मार्क किती हलतील हे काढायचं असेल, तर तेच गृहीतक लागतं, आणि तिथे ते न तपासता वापरलं तर उत्तर चुकतं. वर मी प्रमाण विचलन ५ काढलं तेव्हा प्रश्न स्वतंत्रपणे निवडलेत असं धरलं होतं. एकाच प्रकरणावर प्रश्नांचे गठ्ठे आले तर मार्क त्याहून जास्त हलतील. पदव्युत्तर गणिताचा खरा उपयोग मला इथे दिसतो. सूत्रं कुठेही सापडतात. कुठल्या सूत्राला कुठली अट लागते, हे विचारायची सवय वर्षानुवर्षं सिद्धता लिहून लागते.

आणि ५७.४ ही रेघसुद्धा नेमकी नाहीच. आठ परीक्षकांनी आपापल्या मनाने काढलेल्या रेघा एकमेकांपासून सहाच्या प्रमाण विचलनाने लांब असतील, तर त्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी स्वतः साधारण किती हलते त्याचं माप, ६ भागिले ८ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.१. त्याच दर्जाचे दुसरे आठ परीक्षक बसवले असते तर रेघ ५५ किंवा ६० वरही येऊ शकली असती. विद्यार्थी हलतो आणि रेघही हलते.

रुग्णासमोर काय होतं

आतापर्यंतची गोष्ट लेखी परीक्षेची. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतो. तिसऱ्या पायरीसाठी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जी परीक्षा मांडली, तिला आज जगभर ऑस्की म्हणतात. विद्यार्थी एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जातो. कुठे रक्तदाब मोजायचा, कुठे एक्स-रे वाचायचा, कुठे रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी बोलायचं. घंटा वाजली की पुढे.

एवढी स्टेशनं कशाला? एका रुग्णावर तासभर परीक्षा घेतली तर नाही का चालणार? पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलं होतं. पण आर्थर एल्स्टाइन, ली शुलमन आणि सारा स्प्राफ्का यांनी १९७८ मध्ये डॉक्टरांच्या विचारपद्धतीवरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात दिसलं की एका रुग्णाचं निदान उत्तम करणारा डॉक्टर दुसऱ्या रुग्णाचंही तितकंच चांगलं करेल याचा भरवसा नसतो. कौशल्य त्या त्या आजाराच्या ज्ञानाला चिकटलेलं असतं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

किती स्टेशनं लागतील, याला १९१० पासून एक सूत्र आहे. चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिलं. परीक्षा किती विश्वासार्ह आहे, म्हणजे तीच मुलं अशाच दुसऱ्या परीक्षेला बसवली तर त्यांचा क्रम कितपत तसाच राहील, हे शून्य ते एक या मापात सांगतात. दहा स्टेशनांची विश्वासार्हता ०.५ असेल, तर वीस स्टेशनांची ०.६७ होते. निर्णयाचे परिणाम मोठे असतील तिथे ज्याची अपेक्षा धरतात त्या ०.८ ला पोहोचायला चाळीस स्टेशनं लागतील. चाळीस खोल्या, चाळीस परीक्षक, तेवढेच रुग्ण-कलाकार. ज्याच्या हातात बजेट आहे त्याला हे सूत्र कळलं पाहिजे असं मी म्हणतो ते यासाठी. ‘दोन स्टेशनं कमी करू, खर्च वाचेल’ हा बैठकीत सहज होणारा निर्णय त्या मुलांच्या निकालात उतरतो.

ऑस्कीत रेघ काढायची एक सुरेख रीत आहे. परीक्षक प्रत्येक विद्यार्थ्याला दोन गोष्टी देतो: चेकलिस्टप्रमाणे ३० पैकी मार्क, आणि मार्कांकडे न पाहता एकूण मत, १ म्हणजे नापास, २ काठावर, ३ पास, ४ चांगला, ५ उत्कृष्ट. मग आलेखावर आडव्या अक्षावर मत, उभ्यावर मार्क, प्रत्येक विद्यार्थी एक ठिपका. ठिपक्यांमधून सर्वांत जवळून जाणारी सरळ रेषा काढायची. रेषा समजा ‘मार्क = ६ + ४ × मत’ अशी निघाली. मत २, म्हणजे काठावर, तिथे मार्क येतात १४. त्या स्टेशनची पासची रेघ १४. सगळ्या बॅचचे ठिपके वापरले जातात, त्यामुळे काठावरचे विद्यार्थी मोजके असले तरी पद्धत कोलमडत नाही.

पण मला त्या रेघेपेक्षा रेषेपासून लांब पडलेले ठिपके जास्त काही सांगतात. वाईट बातमी सांगण्याचं स्टेशन घ्या. एक विद्यार्थी आत येतो, नाव सांगतो, परवानगी विचारतो, ‘तुम्हाला कितपत कल्पना आहे’ असं विचारतो, निदान सांगतो, काही शंका आहेत का विचारतो. चेकलिस्टवरच्या सगळ्या खुणा होतात. पण समोरची बाई रडायला लागलेली असताना तो पुढचं वाक्य म्हणत राहतो. मार्क २६, परीक्षकाचं मत २. असे ठिपके पाच-सात दिसले की समजायचं, चेकलिस्टच चुकली आहे. थांबणं, ऐकणं यांना तिने मार्कच ठेवलेले नाहीत. त्या स्टेशनचे मार्क त्या मुलांच्या वैद्यकीबद्दल काहीच सांगत नाहीत.

प्रोग्रामिंग कशाला हवं?

एवढ्या गोष्टी हाताने करायच्या म्हटलं तर कुणी करणारच नाही. दोनशे विद्यार्थी, शंभर प्रश्न म्हणजे वीस हजार खुणा. प्रोग्रामला त्या चाळायला काही क्षण लागतात.

यातलं सर्वांत उपयोगी काम अगदी साधं आहे. प्रत्येक प्रश्नाला दोन आकडे काढायचे: किती टक्के मुलांना आला, आणि ज्यांचे बाकीच्या पेपरात मार्क चांगले आहेत त्यांनाच तो जास्त आला का. दुसरा आकडा उणे आला की धोक्याची घंटा. समजा प्रश्न क्रमांक ३७ चं उत्तर तालिकेत ‘ड’ आहे, तो १८ टक्के मुलांना आला, आणि वर्गातल्या वरच्या मुलांनी जवळजवळ सगळ्यांनी ‘ब’ लिहिलंय. बहुतेक वेळा उत्तरतालिकाच चुकलेली असते. कधीकधी मात्र खरोखर सगळ्या हुशार मुलांना तीच चुकीची गोष्ट शिकवली गेलेली असते! यांतलं कुठलं खरं, ते संगणकाला कळत नाही. तो प्रश्न समोर आणून ठेवतो. पुढचं काम त्या विषयाच्या प्राध्यापकाचं.

स्प्रेडशीटमध्ये हे होत नाही का? होतं. पण स्प्रेडशीटमध्ये एक ओळ सरकली, सूत्राचा पल्ला शेवटच्या तीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला नाही, तर ते कुणालाही दिसत नाही. कोड लिहिला की प्रत्येक पायरी वाचता येते, दुसऱ्याला तपासता येते, तोच निकाल वर्षभराने पुन्हा काढता येतो. विद्यार्थी दाद मागायला आला तर त्याच्यासमोर ठेवता येतो. त्यासाठी महागडं काही लागत नाही. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली आर ही संख्याशास्त्राची भाषा मोफत आहे, तिची १.० आवृत्ती २००० साली आली. पायथनही मोफत आहे.

आणि कोडमुळे ‘समजा’ला उत्तर मिळतं. वर सांगितलेली ३१ टक्क्यांची गोष्ट सूत्राने पटत नसेल तर दहा ओळींचा प्रोग्राम लिहा: ५२ टक्के येणारी एक विद्यार्थिनी घ्या, तिला दहा हजार वेळा शंभर प्रश्नांची परीक्षा द्यायला लावा, किती वेळा नापास झाली ते मोजा. उत्तर ३१ टक्क्यांच्या आसपासच येईल. सूत्रं पाहून डोळे फिरवणारी प्राध्यापक मंडळी हे पाहताना पुढे सरसावून बसतात, कारण आकडे त्यांच्यासमोर घडत असतात.

खुर्चीवर बसलेल्याने काय ठरवायचं?

आता खरा अवघड भाग. पुन्हा परीक्षेला बसायची संधी किती वेळा द्यायची?

तयारी असलेली ५२ टक्क्यांची विद्यार्थिनी पहिल्यांदा ३१ टक्के शक्यतेने अडकते. तीन संधी दिल्या तर तिन्ही वेळा नापास होण्याची शक्यता ३ टक्क्यांवर येते. न्याय झाला. पण त्याच तीन संधी ४६ टक्केवाल्यालाही मिळतात. काहीही नवीन न शिकता तो एका वेळी २४ टक्के शक्यतेने पास होत होता. तीन वेळांत कधी ना कधी पास होण्याची शक्यता ५६ टक्के. एक नियम, दोन परिणाम. संधी वाढवल्या की विद्यार्थ्यावरचा अन्याय घटतो आणि रुग्णावरचा धोका वाढतो. दोन्ही एकदम शून्यावर आणणारी संख्या अस्तित्वात नाही. कुठली चूक आपल्याला जास्त महाग पडते, हे ठरवावंच लागतं. रुग्णाची सुरक्षितता आधी मानणाऱ्या काही संस्था रेघ एका प्रमाण त्रुटीने वर सरकवतात. काही जण संधींच्या मध्ये सक्तीचं शिक्षण ठेवतात, म्हणजे दुसऱ्यांदा येणारा तोच ४६ टक्केवाला राहत नाही. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण पहिल्यात चांगली मुलंही भरडली जातात.

नेमकी हीच गोष्ट अहवालात लपून जाते. ‘परीक्षेची विश्वासार्हता ०.८४’ हे वाक्य वाचून समिती समाधानाने पुढच्या विषयाकडे वळते. मार्कांचं प्रमाण विचलन १० असेल तर १० गुणिले (१ वजा ०.८४) चं वर्गमूळ, म्हणजे ४ मार्क ही एका विद्यार्थ्याच्या मार्कांमधली प्रमाण त्रुटी. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रमाण त्रुटी धरल्या, तर ५० मार्क मिळालेल्याची खरी पातळी ४२ ते ५८ मध्ये कुठेही असू शकते. ०.८४ चांगला आकडा आहे, तरीही.

नेदरलँड्समधले सेस व्हॅन डर व्हल्यूटन यांनी १९९६ मध्ये परीक्षेची उपयुक्तता पाच गोष्टींचा गुणाकार म्हणून मांडली: विश्वासार्हता, वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं), शिकण्यावर होणारा परिणाम, लोकांना ती मान्य असणं आणि खर्चाचा ताळमेळ. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एकही गोष्ट शून्य झाली की सगळं शून्य. दगडासारखी विश्वासार्ह परीक्षा असली आणि मुलं तिच्यासाठी वॉर्ड सोडून प्रश्नसंचच घोकत बसली, तर ती परीक्षा उपयोगाची नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात २६ जानेवारी २०२२ पासून तीन आकडी गुण देणं थांबलं आणि फक्त पास किंवा नापास असा निकाल येऊ लागला. पास-नापास ठरवण्यासाठी बनवलेला आकडा पुढच्या प्रशिक्षणाच्या जागांसाठी मुलांची चाळण लावायला वापरला जात होता, आणि शिकण्यावर त्याचा ताण पडत होता. गुण गेले तसा तो ताण पुढच्या टप्प्याच्या गुणांवर सरकला, अशी तक्रार लगेच सुरू झाली. एका जागी मोजमाप बदललं की ते सगळीकडे हलतं, हे कारभार पाहणाऱ्याने धरूनच चालावं.

या वाटेला जाऊ पाहणाऱ्यांना मी काय सांगेन? गणिताच्या बाजूने येत असाल तर संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि अनुमानाचं संख्याशास्त्र पक्कं करा, मग प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्ताकडे वळा: प्रश्न किती अवघड आणि विद्यार्थी किती तयार, यावरून उत्तर बरोबर येण्याची शक्यता तो मांडतो. डेन्मार्कचे गणिती जॉर्ज रॅश यांनी १९६० मध्ये मांडलेलं प्रतिमान गणितवाल्याला एका संध्याकाळी कळेल. पण त्यानंतर परीक्षकांच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसून महिनोन्‌महिने ऐका. डॉक्टर असाल तर उलट. वैद्यकीय शिक्षणातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मूल्यमापनाचा भाग असतोच, तो उरकून टाकू नका. प्रमाण विचलन स्वतःच्या हाताने काढा, आपल्याच विभागाच्या जुन्या पेपरावर वीस ओळींचा कोड चालवून पाहा. सगळं स्वतःला आलं पाहिजे असं नाही. पण संख्याशास्त्रज्ञाने दिलेल्या आकड्याला ‘यात काय गृहीत धरलंय?’ असं विचारता आलं पाहिजे.

रेघेची जाडी कमी करण्याचा सध्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे एकाच परीक्षेवर एवढा मोठा निर्णय टाकायचाच नाही. व्हॅन डर व्हल्यूटन आणि लॅम्बर्ट शुवर्थ यांनी २००५ पासून ही मांडणी पुढे नेली. वर्षभर छोट्या छोट्या नोंदी होत राहतात: वॉर्डातलं निरीक्षण, छोट्या चाचण्या, सहकाऱ्यांचं आणि रुग्णांचं मत. प्रत्येक नोंद विद्यार्थ्याला सुधारण्यासाठी दिली जाते. त्यांतली कुठलीही एक त्याला नापास करत नाही. पुढे पाठवायचं की नाही हे सगळ्या नोंदी एकत्र पाहून समिती ठरवते. गणिताच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, कारण नमुना मोठा होतो, आणि वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या परीक्षकांकडून येतो. अडचण माणसांची आहे. नोंद करणारा वरिष्ठ घाईत असतो, सगळ्यांना ‘चांगला’ लिहून मोकळा होतो. विद्यार्थीही प्रत्येक छोट्या नोंदीला परीक्षाच समजून घाबरतो, चुका लपवायला लागतो. आणि सगळ्यांनाच ‘चांगला’ मिळालेल्या नोंदी शंभर असल्या तरी त्यांतून विद्यार्थ्यांमधला फरक सांगता येत नाही. त्यामुळे अशी पद्धत सुरू करणाऱ्या संस्थेला सॉफ्टवेअरच्या आधी वेळ विकत घ्यावा लागतो: निरीक्षण करणाऱ्या डॉक्टरच्या ड्यूटीतून काढलेला, फक्त विद्यार्थ्याकडे पाहण्यासाठी आणि त्याच्याशी बोलण्यासाठी राखलेला वेळ.